साहेबांसमोरची खुर्ची

साहेब रोज दुपारी चारच्या सुमाराला टाकीच्या डाव्या कोपऱ्यात येऊन उभे राहायचे आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे टक लावून बघायचे. मासे उभे राहत नाहीत, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. पण साहेबांच्या बाबतीत दुसरा शब्द कुणाला सुचला नव्हता. नऊ वर्षांचा, पोट सुटलेला, गालांवरचा नारिंगी रंग उडून पांढरा पडलेला तो गोल्डफिश. त्याला अरेतुरे करायची कुणाची टाप नव्हती.

खुर्ची आजोबांची होती. चार वाजता ते तिच्यात बसून चहा घेत आणि चहा निवेपर्यंत खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत. टक टक, मग जरा थांबून, टक. तिसरं टक वाजलं की साहेब वर येऊन पाण्यावर तोंडाने 'टप्प' असा आवाज काढत. हा त्या दोघांचा आपसातला मामला होता, त्यात घरातलं तिसरं कुणी पडत नसे. दीड वर्षापूर्वी आजोबा गेले आणि टप्प बंद झालं. बघणं मात्र चालू राहिलं. चार वाजता आलेले पाहुणे साहेबांची नजर कुठे लागली आहे ते बघत, मग खुर्ची बघत, मग अर्धा कप चहा ठेवून निघत. आईच्या मते ही फार मोठी सोय होती.

अशा घरात टकळीने दुसरा मासा आणला.

टकळी हे तिचं घरचं नाव, आणि तेही नवीन. नववीत जाईपर्यंत ही मुलगी वर्गात 'हजर' म्हणायची वेळ आली की शेजारणीला कोपर मारायची आणि शेजारीण म्हणायची. मग एक दिवस प्रार्थनेनंतर भाषण करणारी मुलगी घसा बसून घरी राहिली, बाईंनी हाताला लागेल तिला पुढे ढकललं, आणि ही रक्ताभिसरणावर सात मिनिटं बोलली. टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून तिच्या तोंडाला जे कुलूप होतं ते उघडलं ते उघडलंच, किल्लीही हरवली. त्यामुळे विज्ञानाच्या बाईंनी प्रयोगशाळेला रंग द्यायचा आहे, तेव्हा दहा दिवस मासा कोण सांभाळेल, असं विचारायला तोंड उघडलं, त्यांचं वाक्य 'मासा' या शब्दापर्यंत आलं आणि टकळीचा हात वर होता. तिच्या घरी मोठी टाकी आहे, अनुभवी मासा आहे, वडील पाणी खात्यात आहेत आणि आई औषधांची जाणकार आहे, एवढं तिने एका दमात सांगितलं. यातलं एकही खोटं नव्हतं, हीच पुढची सगळी गंमत.

बाईंनी तिला बाजूला घेतलं. मुख्याध्यापिकांना ती टाकी मुळात नकोच होती. पाणी सांडतं, मुलं काचेला नाक लावतात, सुट्टीत कोण बघणार. एकदा निमित्त मिळालं की टाकी अडगळीच्या खोलीत जाणार होती.

"या माशाला काही झालं, तर टाकी उठली म्हणून समज," बाई म्हणाल्या. "मी तुझ्या भरवशावर हो म्हणतेय."

टकळीच्या भरवशावर आजवर कुणी रबरसुद्धा दिलं नव्हतं. ती घरी गेली नाही, तरंगत गेली.

त्याआधी प्रयोगशाळेच्या काकांनी तिच्याकडून अर्ज भरून घेतला. वस्तूचं नाव, संख्या, नेताना स्थिती, परत करताना स्थिती. संख्येच्या रकान्यापाशी काकांनी पिशवी उजेडात धरून मासा खरोखर मोजला आणि एक लिहिला. स्थितीपुढे 'उत्तम' लिहिलं. परत आणताना तिथे हाच शब्द यायला हवा, कारण दुसऱ्या शब्दासाठी शाळेकडे अर्ज नाही, असं त्यांनी प्रेमाने सांगितलं.

मासा होताही उत्तम. शेपूट तर अंगाच्या दुप्पट. पाण्यात नुसती उलगडत जायची, म्हणून मुली तिला झालर म्हणत. टकळीने पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवली, पाण्याला पाणी सरावू दिलं आणि मग झालरला सोडलं. झालर एक फेरी मारून डाव्या कोपऱ्यात गेली, खुर्चीसमोर. साहेब वळले. घाईगर्दी काही नाही. ऑफिसात आपल्या खुर्चीत कुणी बसलेलं दिसल्यावर माणूस जसा शांतपणे चालत येतो तसे ते आले. झालर कोपऱ्यातून निघाली तेव्हा तिच्या शेपटीला अर्धचंद्राएवढी खाच पडलेली होती.

पहिल्या दिवशी एक खाच, दुसऱ्या दिवशी तीन. टकळीचं बोलणं पहिल्यांदाच जरा अडखळलं.

सल्ले मात्र वेळेवर आले. वरच्या मजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहत; सगळी इमारत त्यांना सिस्टर म्हणे. त्यांनी टाकीत वाकून बघितलं आणि पेशंटला वेगळं काढा, मीठ द्या, पाण्यातलं क्लोरीन तपासा, असं सांगितलं. पहिल्या दोन गोष्टी ठीक होत्या. तिसरीला बाबांचा चेहरा उतरला. बाबा तेवीस वर्षं पाणी खात्यात नकाशे काढत होते, आणि त्या पाण्याने कधी कुणाची शेपूट तुटल्याची तक्रार आली नव्हती. रात्री त्यांनी गुपचूप दोन बादल्या भरून चोवीस तास उघड्या ठेवल्या. सिस्टरांनी विचारलं तेव्हा, बादल्या धुवायच्या होत्या, म्हणाले.

मासे विकणाऱ्या दुकानदाराने आणखी एक गोष्ट सांगितली. जुना मासा एखादी जागा आपली मानून बसला की नव्याला तिथे येऊ देत नाही. टाकीतले दगड-झाडं हलवून मांडणी बदलली की त्याला आपली जागा ओळखू येत नाही आणि तो निवळतो. बाबांनी हे मनावर घेतलं. टाकीचा एकास पाच प्रमाणात नकाशा काढला, दगडांना क्रमांक दिले, रविवारी सकाळी तीन तास हात कोपरापर्यंत ओले करून सगळं उलटसुलट केलं. डावीकडची झाडं उजवीकडे, मधला दगड मागे. साहेबांनी एका कडेला राहून हे काम होऊ दिलं. काम संपल्यावर ते सरळ डाव्या कोपऱ्यात गेले आणि खुर्चीकडे बघू लागले.

"त्यांना दगडांशी घेणंदेणं नाही," आई म्हणाली. "खुर्ची हलवा."

बाबांनी खुर्ची उचलून उजव्या बाजूला, कपाटापाशी ठेवली. सगळे श्वास रोखून उभे होते. साहेब जागचे हलले नाहीत. मिनिटभर गेलं. मग त्यांनी एक पर हलवला, अंग वळवलं, टाकीची अख्खी लांबी शांतपणे पार केली आणि उजव्या कोपऱ्यात, खुर्चीच्या बरोब्बर समोर, जाऊन उभे राहिले.

बाबांनी खुर्ची उचलली आणि होती तिथे परत ठेवली. नंतर त्यांनी हात धुतले. का धुतले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

झालरला न्हाणीघरातल्या निळ्या टबात हलवलं. आईने, म्हणजे दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईने, मीठ ग्रॅममध्ये मोजून घातलं. वर भाजी धुवायची जाळी पालथी घातली आणि जाळीवर वीट ठेवली. टकळीने शेपूट पट्टीने मोजून वहीत लिहिली, कारण बाईंना दाखवायला काहीतरी शास्त्रीय हवं होतं. पावणेसात सेंटिमीटर, कडा फाटलेली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मोजली. सहा.

टकळीने पट्टी पुसून पुन्हा मोजली. जाळी जागेवर, वीट जागेवर, टबात दुसरं कुणी नाही, साहेब बाहेर टाकीत. आणि जी कडा काल फाटकीतुटकी होती ती आज सरळ होती. अगदी सरळ, पट्टी लावून आखल्यासारखी.

तिसऱ्या दिवशी साडेपाच. चौथ्या दिवशी पाचाला जरा कमी. जखमा जवळजवळ दिसेनाशा झाल्या होत्या. जखम सुधारत होती आणि मासा कमी होत होता. टकळी संध्याकाळी टबापाशी उकिडवी बसायची. झालर तळाशी एका कुशीवर कलून तिच्याकडे बघायची, आणि दिवाणखान्यातून टाकीच्या पंपाची बुडबुड ऐकू यायची. घरी सगळे आठ ते चार बाहेर. या वेळात इथे काय होतं? तिने हा प्रश्न आईला विचारला, तर आईने मिठाचं प्रमाण पुन्हा तपासलं. बाबांना विचारला, तर बाबांनी टबातल्या पाण्याचा नमुना बाटलीत भरून खात्याच्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथून उत्तर आलं, की पाणी पिण्यायोग्य आहे, मात्र खारट का, याचा खुलासा करावा. सिस्टर मात्र टबावर वाकल्या आणि म्हणाल्या, "ही कड दातांची नाही गं. अशी कड मी टाके घालायच्या आधी बघितलीय."

त्या रात्री टकळी एक वाक्यही बोलली नाही. आईने तिचं कपाळ चाचपून ताप बघितला.

पाचव्या दिवशी झालरने खाणं सोडलं. टकळीने पोट दुखत असल्याचं कारण देऊन शाळेतून दुपारीच घर गाठलं. किल्ली फिरवताना आतून आवाज आला.

टक टक. टक.

तिचा हात कुलपावर तसाच राहिला. आजोबांचाच ठेका. थांबणंसुद्धा तेवढंच. परत जावं असं तिला फार वाटलं, पण टबातला मासा तिच्या भरवशावर होता. तिने दार ढकललं.

आजोबांच्या खुर्चीत, दाराकडे पाठ करून, कुणीतरी बसलं होतं. मांडीवर निळा टब. एका हातात काहीतरी लकलकणारं. समोर टाकीत साहेब, मान खाली घातल्यासारखे, अगदी गरीब.

"पाय पूस आधी," खुर्चीतून आवाज आला. "आत्ताच लादी पुसलीय मी."

ती आत्या होती.

आत्याचं दोन गल्ल्या पलीकडे केस कापायचं पार्लर होतं. दुपारी ते बंद करून ती इथे येई, अंग टाके, चारच्या आत निघून जाई. तिच्याकडे किल्ली होती, आणि नेहमीचंच असल्यामुळे कुणाच्या हिशेबात ती नव्हती. तिने पहिल्या दिवशी झालरला बघितलं आणि तिचा जीव कळवळला. शेपटीला फाटे फुटले होते. फाटे फुटलेल्या टोकांचं काय करायचं असतं, हे तिला वीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. सुटलेली टोकं उडवली की वाढ जोमाने होते. म्हणून तिने रोज थोडी उडवली. एकदम कापलं तर गिऱ्हाईक घाबरतं. कात्री उकळून घेत होती. झालर एकदाही हलली नव्हती. गिऱ्हाईक असावं तर असं, असं आत्याचं मत होतं.

टकळी आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम करायला गेली आणि तिला उचकी लागली. मासे म्हणजे केस नव्हेत, हे तिने आत्याला उचक्यांच्या मधून समजावलं. आत्याचा चेहरा कसनुसा झाला. तिने कात्री पुसून पिशवीत ठेवली आणि पिशवीची चेन लावली.

"मला वाटलं, अण्णांच्या साहेबाने केलेली चूक आपण निस्तरावी," ती म्हणाली. अण्णा म्हणजे आजोबा. "आणि बघ ना, मी इथे बसले की तो किती शांत असतो. बोटं वाजवली की तर वळूनही बघत नाही."

टकळीने टाकीकडे बघितलं. खरंच. साहेबांची पाठ होती. आजोबा गेल्यापासून पहिल्यांदा ते खुर्चीकडे बघत नव्हते.

दुकानदाराकडे धावत जाऊन विचारलं तर त्याने टबाचं ऐकूनच कपाळाला हात लावला. एवढ्याशा पाण्यात, पंपाशिवाय, एकटी. ती खाणार कशी? तिला उरलेले पाच दिवस मोठ्या टाकीतच परत सोडायला हवं होतं, आणि एकही नवी खाच परवडणार नव्हती.

अशा प्रकारे त्या घरात खुर्चीत बसण्याची ड्यूटी सुरू झाली.

कारण प्रयोग करून बघितल्यावर कळलं ते असं: खुर्चीत माणूस असलं आणि बोटं वाजत असली, की साहेब झालरकडे ढुंकूनही बघत नसत. माणूस उठलं की वळत. बोटं थांबली की अर्धे वळत. रात्री दिवा मालवला की दोघंही झोपत, तेवढी मेहेरबानी होती. आईने वेळापत्रक लिहून टाकीवर चिकटवलं. सकाळी सिस्टर, दुपारी आत्या, शाळा सुटल्यावर टकळी, संध्याकाळी आई. मधले दोन तास उघडे पडत होते म्हणून बाबांनी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज केला. बाबा खोटं बोलत नसत. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'घरी खुर्चीत बसणे आवश्यक' असं लिहिलं. अर्ज परत आला. कार्यालयातली खुर्ची यासाठी का चालू नये, अशी वर विचारणा होती. बाबांनी दोन पानी खुलासा दिला, सोबत टाकीचा नकाशा जोडला. बाबांच्या साहेबांनी, म्हणजे कार्यालयातल्या, रजा मंजूर केली आणि तेव्हापासून ते बाबांशी जरा हळू आवाजात बोलू लागले.

खुर्चीत बसणं दिसतं तेवढं सोपं नव्हतं. गादीला आजोबांच्या आकाराचा खळगा होता. जो बसे तो त्यात घसरून आजोबांसारखाच एका अंगाला कलायचा. तिसऱ्या दिवशी बाबा आजोबांसारखे घसा खाकरू लागले. सिस्टर डोळा लागला तरी बोटं वाजवत. त्या इमारतीत वर्षभरापूर्वीच आल्या होत्या, त्यांनी आजोबांना आयुष्यात बघितलं नव्हतं, तरी झोपेतला ठेका चुकत नव्हता. टकळी बसली की प्रथम बडबड करी, मग ती आपोआप थांबे. काचेच्या आत झालर, काचेवर खुर्चीचं प्रतिबिंब, आणि त्या प्रतिबिंबात बसलेल्या माणसाचा चेहरा पंपाच्या बुडबुड्यांमुळे कधी नीट दिसत नसे. ती आहे ती मीच, असं ती स्वतःला सांगे. एकदा तिने खात्रीसाठी हात हलवला. प्रतिबिंबानेही हलवला. जरासा उशिरा, असं तिला वाटलं; पण वहीत तिने ते लिहिलं नाही, शास्त्रीय नव्हतं.

झालर दुसऱ्या दिवशी खाऊ लागली. चौथ्या दिवशी शेपटीच्या सरळ कडेला काचेसारखी पातळ, पांढुरकी किनार फुटली. टकळीने मोजली. दोन मिलिमीटर. तिने ते दोन मिलिमीटर घरभर सांगितले आणि मग साहेबांनाही सांगितले.

दहाव्या दिवशी पिशवी घेऊन ती शाळेत गेली. प्रयोगशाळेला रंगाचा वास येत होता. काकांनी पिशवी उजेडात धरली, मासा मोजला, एक आहे म्हणाले आणि पेन तिच्यापुढे केलं. बाई शेजारी होत्या. मुख्याध्यापिकाही होत्या, रंग बघायला आल्या होत्या, निदान तसं म्हणत होत्या. टकळीने झालरकडे बघितलं. कड इतकी सुबक होती, की आधी न बघितलेल्याला कळलंही नसतं. एक शब्द लिहायचा होता, तो लिहिला की टाकी राहत होती.

तिने लिहिलं: 'शेपूट कमी झाली आहे. वाढते आहे.'

काका म्हणाले, या रकान्यात एवढं बसत नाही. बाईंनी वाचलं आणि डोळे मिटून घेतले. मुख्याध्यापिकांनी अर्ज हातात घेतला, चष्मा वर करून पिशवी जवळ धरली, डावीकडून बघितली, उजवीकडून बघितली. सात मिनिटं रक्ताभिसरणावर बोललेली मुलगी त्यांच्यासमोर उभी होती आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

"ही एवढी सरळ कुणी कापली?"

"माझ्या आत्याने," टकळी म्हणाली. "तिचं पार्लर आहे. चूक झाली. पण काळजी आम्ही घेतली, सगळ्यांनी, खुर्चीत बसून."

मुख्याध्यापिकांचा हात नकळत मानेवर गेला, तिथे दोन्ही बाजूंचे केस एका उंचीचे नव्हते. मग त्यांनी अर्ज उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर बोट ठेवलं.

"पत्ता लिही इथे," त्या म्हणाल्या. काकांना म्हणाल्या, टाकी खिडकीपासून लांब ठेवा, ऊन लागतं. आणि रंग न बघताच गेल्या.

त्या दुपारी सगळे लवकर घरी येऊन स्वयंपाकघरात जमले होते. सिस्टर खाली आल्या होत्या, आत्याने दुपारनंतर पार्लर उघडलंच नव्हतं, तिला उद्या सकाळी अकराला एक मोठं गिऱ्हाईक येणार होतं. बाबा उरलेली अर्धी रजा चहावर खर्च करत होते. आईने वेळापत्रक टाकीवरून काढून ओट्यापाशी आणलं होतं, फाडायला. टकळी अर्जाची गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होती आणि या खेपेला तीत मुख्याध्यापिकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तेवढ्यात दिवाणखान्यातून आवाज आला.

टप्प.

टकळी मधल्या शब्दावर थांबली. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने मनातल्या मनात मोजलं, प्रयोगशाळेतले काका मासा मोजतात तसं, नीट. आई, बाबा, आत्या, सिस्टर आणि ती. पाच. घरात जेवढे होते तेवढे सगळे स्वयंपाकघरात होते.

आईने वेळापत्रक फाडलं नाही, घडी करून डब्याखाली ठेवलं. बाबांनी घसा खाकरला. आत्याने सहावा कप काढला, बशीवर ठेवला आणि त्यात चहा ओतला.

"जरा कोमट होऊ दे," ती म्हणाली. "मग ठेव खुर्चीपाशी."

आणि कुणीच उठून बघायला गेलं नाही.